दुखापतीनंतर पुन्हां मैदानावर



हिंजवडी हें नांव आतां आपणांपैकीं कित्येकांच्या घरीं रोज उच्चारलें जातें. कोणाचा मुलगा, कोणाची सून, कोणाचा जांवई तेथें नोकरीस असतो. पूर्वीं म्हातोबाच्या देवळासाठीं आणि चैत्री पौर्णिमेच्या बगाडासाठीं पंचक्रोशींत ओळखलें जाणारें हें गांव गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकाच्या कचेऱ्यांचें नगर होऊन बसलें. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीवर बसून काम करणारीं हजारों तरुण माणसें तेथें आहेत. शनिवारची रात्र किंवा रविवारची सकाळ झाली कीं हींच माणसें जाळीनें वेढलेल्या हिरव्या टर्फावर क्रिकेट किंवा फुटबॉल खेळावयास उतरतात. बॅडमिंटनच्या सभागृहांत जागा मिळावी म्हणून आठवडाभर आधीं नांवें नोंदवितात. हें दृश्य मोठें आनंदाचें आहे, आणि त्याला नांवें ठेवण्यासाठीं मी आज बोलत नाहीं.

परंतु माझा व्यवसाय असा आहे कीं सोमवारीं सकाळीं या आनंदाची दुसरी बाजू माझ्यासमोर येऊन बसते. मी भौतिकोपचार करतों. रूढ भाषेंत ज्याला फिजिओथेरपी म्हणतात तेंच हें काम. कोणाचा घोटा मुरगळलेला, कोणाच्या मांडीच्या मागचा स्नायु ताणलेला, कोणाचा गुडघा सुजून नारळाएवढा झालेला. पायांचीं दुखणीं निरनिराळीं असलीं तरी बरोबर आलेल्या मंडळींचे सल्ले मात्र ठराविक असतात. आई म्हणते, "महिनाभर अंथरुणांतून हलूं नकोस." सोबतचा मित्र म्हणतो, "पट्टी बांध आणि पुढच्या रविवारीं ये, आपल्याला एक गडी कमी पडतो." एक सल्ला प्रेमाचा आणि दुसरा उत्साहाचा, पण दोन्ही सल्ले घातक आहेत. या दोहोंच्या मधून जी वाट जाते तिचें वर्णन आपणांपुढें करावें, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा हेतु आहे.

ही वाट मला पुस्तकांतून कळण्यापूर्वीं माझ्या गुडघ्यानें शिकविली. विशीच्या सुमारास मी कुस्ती करीत असें. एका यात्रेच्या आखाड्यांत माझा उजवा गुडघा पिळवटला. पंधरा-वीस दिवसांत सूज उतरली, दुखणें थांबलें आणि दुखणें थांबलें म्हणजे गुडघा बरा झाला असें मीं गृहीत धरलें. महिना-सवा महिन्यानें दुसऱ्या गांवच्या आखाड्यांत मी पुन्हां उतरलों. तो गुडघा पहिल्याच झटापटींत निसटला, आणि त्यानंतर तो पूर्ववत् कधींच झाला नाहीं. आज मला पंगतींत मांडी घालून बसतां येत नाहीं. देवळांत सगळे खालीं बसतात तेव्हां मी खांबाशीं उभा असतों. यांत मी कोणास दोष देत नाहीं. मला "थांब" म्हणणारे पुष्कळ होते. थांबलेल्या दिवसांत काय करावें हें सांगणारें मात्र कोणी नव्हतें.

तेव्हां प्रथम दुखापतीनंतर शरीरांत काय घडतें तें पाहूं. सांध्याचीं हाडें एकमेकांस बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांस अस्थिबंध म्हणतात. घोटा मुरगळला म्हणजे हे बंध ताणले जातात किंवा कांहीं अंशीं फाटतात. पहिले कांहीं दिवस तेथें रक्त जमतें, सूज येते, भाग गरम होतो. ही सूज म्हणजे शत्रु नव्हे. दुरुस्तीचें सामान घेऊन आलेली ती गाडी आहे. त्यानंतरच्या कांहीं आठवड्यांत नवे तंतु घातले जातात, परंतु ते कोंवळे असतात आणि गवताच्या भाऱ्यासारखे वेडेवांकडे पडलेले असतात. पुढें कित्येक महिने हे तंतु ज्या दिशेनें ओढ बसेल त्या दिशेनें रांगेत लागतात आणि बळकट होत जातात. या शेवटच्या वाक्यांत सगळें मर्म आहे. ओढ मुळींच बसली नाहीं तर तंतु रांगेत लागत नाहींत. अति ओढ बसली तर ते तुटतात. दुखणें मात्र या तीन अवस्थांपैकीं बहुधा दुसरीच्याच शेवटीं थांबतें. म्हणून वेदना गेली हें काम संपल्याचें चिन्ह मानूं नये. खरें काम त्याच दिवशीं सुरू होतें.

पहिल्या दोन-तीन दिवसांत घरीं काय करावें? खेळ तत्क्षणीं थांबवावा. दुखावलेल्या भागास लवचिक पट्टी बेताची घट्ट बांधावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा. फार ठणकत असेल तर कापडांत गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटें धरावा. त्यानें वेदना कमी होते. मात्र बर्फानें जखम लवकर भरते असें मानूं नये. विश्रांति, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणें हें चतुःसूत्र अमेरिकेंतील डॉक्टर गेब मर्किन यांनीं १९७८ सालीं आपल्या पुस्तकांतून लोकप्रिय केलें. त्याच मर्किनसाहेबांनीं पुढें २०१४ मध्यें मोकळेपणानें लिहिलें कीं बर्फ आणि संपूर्ण विश्रांति या दोहोंमुळें बरें होण्यास उशीर लागूं शकतो. आपलेंच मत असें जाहीरपणें दुरुस्त करणारीं माणसें शास्त्राचें भूषण होत.

या पहिल्या दिवसांत जोरानें चोळणें, कडकडीत शेक घेणें आणि मद्यपान हीं टाळावींत. त्यांमुळें आंतील रक्तस्राव वाढतो. आपल्याकडे पाय मुरगळला कीं तेल लावून रगडण्याची हौस फार. हळदीचा लेप लावला तर मी हंसणार नाहीं; पण ताज्या दुखापतीवर अंगठा दाबून शीर "बसविणाऱ्या" माणसाच्या हातीं पाय देऊं नये, एवढी माझी विनंती आहे.

कांहीं लक्षणें अशीं आहेत कीं तीं दिसतांच घरगुती उपाय बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावें. घोट्यासंबंधीं कॅनडांतील ओटावा येथील डॉक्टरांनीं १९९२ सालीं एक सोपा नियम घालून दिला. दुखावलेल्या पायावर चार पावलें टाकतां येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंस जीं उंचवट्याचीं हाडें असतात त्यांच्या मागील कडेवर अथवा टोंकावर दाबल्यास दुखत असेल, तर क्ष-किरणांचें चित्र काढून घ्यावें. गुडघ्यांत "कट्" असा आवाज होऊन दोन-चार तासांतच तो टम्म फुगला, तर आंतील मुख्य बंध तुटल्याची शंका घ्यावी. मागून कोणी टांचेवर लाथ मारल्यासारखें वाटलें, वळून पाहतां मागें कोणीच नाहीं, आणि चवड्यावर उभें राहतां येत नाहीं, असें झाल्यास टांचेमागची जाड शीर तुटलेली असण्याचा संभव फार. तिशी-चाळिशींतील बॅडमिंटनपटूंत हा प्रकार मीं अनेकदां पाहिला आहे. सांधा वांकडा दिसणें, पाऊल बधिर किंवा थंड पडणें, हींही तशींच लक्षणें. आणि डोक्यास मार लागून क्षणभर जरी भान हरपलें, गोंधळल्यासारखें झालें किंवा ओकारी आली, तर त्या दिवशीं पुन्हां मैदानांत पाऊल ठेवूं नये आणि डॉक्टरांस दाखवावें. येथें धाडस दाखविणें म्हणजे जिवाशीं खेळणें होय.

आतां आईच्या सल्ल्याकडे वळूं. अंथरुणावर पडून राहिल्यानें काय होतें याचा एक प्रयोग अमेरिकेंतील डॅलस शहरीं १९६६ सालीं झाला. पांच निरोगी तरुणांस सलग तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यांत आलें. त्यांना कसलाही आजार नव्हता. तीन आठवड्यांनंतर श्रम करण्याची त्यांची कमाल शक्ति पाव हिश्शाहून अधिक घटली. याच पांच जणांस तीस वर्षांनंतर पुन्हां तपासलें तेव्हां असें आढळलें कीं तीस वर्षांच्या वयोवृद्धीनें त्यांच्या शक्तीची जेवढी हानि झाली त्याहून अधिक हानि तरुणपणच्या त्या तीन आठवड्यांच्या झोंपेनें केली होती. माता-भगिनींनो, आपण मुलाला प्रेमानें अंथरुणावर ठेवतां. पण हाड मोडलेलें नसेल आणि डॉक्टरांनीं मनाई केली नसेल, तर त्याला घरांतल्या घरांत चालूं द्यावें. एक पाय दुखावला असला तरी दुसरा पाय, दोन हात, पाठ आणि पोट यांना कोणी सुटी दिलेली नाहीं. त्यांचा व्यायाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच चालूं ठेवावा.

मग दुखावलेल्या भागाला काम केव्हां द्यावें आणि किती द्यावें? याचें उत्तर आपल्या तालमींत जुन्या काळापासून आहे. नवा पोरगा तालमींत आला म्हणजे वस्ताद त्याला पहिल्या दिवशीं पांचशें बैठका सांगत नाहीं. आज वीस, आठवड्यानें तीस, अशी चढण असते. शरीराला झेपेल त्याहून थोडेंसें अधिक काम द्यावें, तें पचूं द्यावें आणि मग आणखी थोडें वाढवावें. हेंच तत्त्व दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन सैन्यांतील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनीं जखमी सैनिकांच्या दुबळ्या गुडघ्यांस लावलें. तोंपर्यंत अशा गुडघ्यांस हलका व्यायाम पुष्कळ वेळ देण्याची रीति होती. डिलॉर्म यांनीं भारी वजन थोड्या वेळां उचलावयास लावून तें क्रमाक्रमानें वाढविलें आणि १९४५ सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. आज जगांतील प्रत्येक व्यायामोपचाराच्या खोलींत तिचें अनुकरण चालतें.

दुसरें उदाहरण स्वीडनचें. टांचेमागची शीर दीर्घ काळ दुखत असलेल्या पंधरा हौशी धांवपटूंस हाकन आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं बारा आठवड्यांचा एक साधा व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांनीं उभें राहावयाचें आणि टांच सावकाश खालीं सोडावयाची. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून आणि वांकवून, दिवसांतून दोनदां, रोज. पायास सोसूं लागलें कीं पाठीवरच्या पिशवींत वजन भरावयाचें. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतानुसार पंधराचे पंधरा जण पूर्वीप्रमाणें धांवूं लागले. या उपचारास लागलें काय? एक पायरी, एक पिशवी आणि बारा आठवड्यांचा नेम. यांपैकीं पहिल्या दोन वस्तु प्रत्येक घरांत असतात. तिसरीची उणीव असते.

येथें कोणी विचारील, "व्यायाम करतांना दुखलें तर?" थोडें दुखणें म्हणजे संकट नव्हे. वेदनेस शून्यापासून दहापर्यंत गुण द्यावेत. शून्य म्हणजे कांहींच नाहीं आणि दहा म्हणजे असह्य. व्यायामाच्या वेळीं तीनपर्यंत गुण झाले तर चालूं ठेवावें. चार-पांच झाले तर वजन किंवा वेग कमी करावा. त्यापुढें गेले तर थांबावें. परंतु खरा परीक्षक दुसऱ्या दिवसाची सकाळ हाच असतो. सकाळीं उठतांना दुखणें पूर्ववत् असेल आणि सूज नसेल, तर कालचें काम पचलें. सांधा सुजला असेल किंवा पायऱ्या उतरतांना कालच्यापेक्षां अधिक दुखत असेल, तर काल अति झालें; एक पायरी मागें यावें. मागें येणें म्हणजे हरणें नव्हे. एका वहींत रोज दोन ओळी लिहिण्याची संवय ठेवली तर उपचारकाचें निम्मे काम होतें.

आतां पुन्हां खेळाकडे परतण्याच्या पायऱ्या सांगतों. दुखापत पायाची आहे असें धरून चाललों आहें. प्रथम न लंगडतां अर्धा तास चालतां आलें पाहिजे. मग पायऱ्या चढतां-उतरतां आल्या पाहिजेत. मग एका पायावर उभें राहून अर्धी बैठक आणि एका पायाच्या चवड्यावर वीसेक वेळां वर-खालीं होतां आलें पाहिजे. त्यानंतर एक मिनिट हळू धांवणें आणि एक मिनिट चालणें, अशा आळीपाळीनें सरळ रेषेंत धांवण्यास आरंभ करावा. सरळ धांवणें पचलें कीं वेग. वेग पचला कीं वळणें, एकाएकी थांबणें, उडी मारून उतरणें. त्यानंतर एकट्यानें सराव, मग सोबत्यांबरोबर सराव आणि सर्वांत शेवटीं सामना. तोही प्रथम अर्धा वेळ. प्रत्येक पायरीवर निदान दोन-तीन वेळां दुसऱ्या दिवसाच्या सकाळची परीक्षा उतरावी, मगच पुढें जावें. एका वेळीं एकच गोष्ट वाढवावी. अंतर आणि वेग हीं दोन्ही एकाच आठवड्यांत वाढवूं नयेत. साध्या मुरगळ्यास या सर्व पायऱ्या चढावयास तीन-चार आठवडे पुरतात. स्नायु बराच फाटला असल्यास महिने लागतात.

गुडघ्यांतील मुख्य बंध तुटून शस्त्रक्रिया झाली असल्यास मात्र हिशेब निराळा आहे. या बाबतींत ऑस्लो आणि डेलावेर येथील संशोधकांनीं १०६ रुग्णांचा दोन वर्षें मागोवा घेऊन २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळावयास परतणें जितकें लांबविलें तितका गुडघा पुन्हां दुखावण्याचा धोका कमी झाला. दर महिन्याच्या थांबण्यानें तो सुमारें निम्म्यावर आला. शिवाय खेळूं लागण्यापूर्वीं कांहीं कसोट्या होत्या. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आणि एका पायानें उडी मारून कापलेलें अंतर, हीं दुखऱ्या पायाचीं निरोगी पायाच्या शेंकडा नव्वद तरी असावींत, असें त्यांचें स्वरूप होतें. या कसोट्या न उतरतां परतलेल्यांपैकीं शेंकडा अडतीस जणांचा गुडघा पुन्हां दुखावला. उतरून परतलेल्यांत हें प्रमाण शेंकडा सहाच्याही आंत होतें. म्हणजे पंचांग आणि कसोटी या दोहोंची संमति लागते. नऊ महिने झाले, पण पाय दुबळाच आहे, तर परतूं नये. पाय बळकट वाटतो, पण पांचच महिने झाले, तरीही परतूं नये.

हीं तत्त्वें मोठ्या खेळाडूंसही चुकलेलीं नाहींत. आपल्या सचिन तेंडुलकरांचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. २००४ सालीं त्यांचें कोपर दुखूं लागलें. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या त्या वर्षींच्या मालिकेंतील पहिल्या दोन कसोटी सामन्यांस त्यांना मुकावें लागलें. ते परतले, पण दुखणें हटलें नाहीं, आणि अखेर मे २००५ मध्यें लंडन येथें शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतरचे पांच महिने धीराचे होते. ऑक्टोबरमध्यें नागपुरास श्रीलंकेविरुद्ध ते उतरले आणि ९३ धावा करून आले. पुढच्याच वर्षीं खांद्याची शस्त्रक्रिया झाली, पुन्हां तोच वनवास आला. त्या काळांत "आतां हा खेळाडू संपला" असें म्हणणारे थोडे नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्यें ग्वाल्हेर येथें एकदिवसीय सामन्यांत पुरुषांतील पहिलें द्विशतक त्यांनींच केलें. ज्या महिन्यांत ते मैदानावर दिसत नव्हते त्या महिन्यांचें तें फळ होतें. बीड जिल्ह्यांतील मांडव्याचे धांवपटु अविनाश साबळे यांचा गुडघा जुलै २०२५ मध्यें मोनाको येथील शर्यतींत पडल्यानें दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षींच्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेस ते मुकले. ज्याचें सारें जीवित धांवण्यावर आहे तो जर एक जागतिक स्पर्धा सोडूं शकतो, तर कचेरीच्या चषकाचा एक सामना आपणांस कां सोडवूं नये?

आणि ज्यांची दुखापत पूर्णपणें बरी होणारीच नसते त्यांचें काय? येथें मला श्री. मुरलीकांत पेटकर यांची आठवण होते. सांगली जिल्ह्यांतील हा तरुण सैन्यांत मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्याच्या कमरेखालचें शरीर निकामी झालें. उपचाराचा भाग म्हणून त्यानें पोहावयास सुरुवात केली, आणि १९७२ सालीं जर्मनीतील हायडेलबर्ग येथें दिव्यांगांच्या जागतिक स्पर्धेंत पन्नास मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून भारताला त्या स्पर्धेंतील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांची दुखापत रणांगणावरची होती, खेळाची नव्हे; परंतु परत येणें म्हणजे पूर्वीं होतें तेंच सगळें जसेंच्या तसें मिळविणें नव्हे, हें त्यांच्याइतकें स्पष्टपणें कोणी दाखविलें नसेल. आपल्या पुण्याला या कार्याची परंपराही जुनी आहे. हात-पाय गमावलेल्या सैनिकांसाठीं कृत्रिम अवयवांचें केंद्र येथें १९४४ पासून आहे, आणि पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांचें पुनर्वसन केंद्र खडकीस १९७४ पासून चालूं आहे.

हिंजवडीपासून जवळच म्हाळुंगे-बालेवाडी येथें श्री शिवछत्रपति क्रीडानगरी आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठीं ती उभारली गेली आणि २००८ सालीं राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा तेथें झाल्या. अशा ठिकाणीं उतरणाऱ्या खेळाडूच्या पाठीशीं मार्गदर्शक, डॉक्टर, उपचारक असा परिवार असतो. रविवारच्या खेळाडूच्या पाठीशीं कोण असतें? त्याचें घर. म्हणून आजचें माझें बोलणें खेळाडूंपेक्षां घरांतील मंडळींस उद्देशून अधिक आहे, आणि एक हकीकत सांगून मी तें पुरें करणार आहें.

हिंजवडींतील एका कचेरींत काम करणारी एक मुलगी फुटबॉल खेळतांना पडली आणि तिच्या गुडघ्याचा बंध तुटला. शस्त्रक्रिया झाली. पांचव्या महिन्यांत ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "सर, आतां मुळींच दुखत नाहीं. तीन आठवड्यांनीं आमच्या कचेरीचे सामने आहेत." तिच्या आई बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "तिला सांगा, आतां खेळ पुरे झाला. उद्यां पाय अधू झाला तर काय करायचें?" मीं मुलीला निरोगी पायावर एक उडी मारावयास सांगितली आणि जमिनीवर खडूची रेघ ओढली. मग दुखऱ्या पायावर उडी मारावयास सांगितली व दुसरी रेघ ओढली. दोन रेघांमध्यें हातभर अंतर होतें. ती त्या रेघांकडे बराच वेळ पाहत राहिली. तिला कांहींच सांगावें लागलें नाहीं.

आईंना मात्र सांगावें लागलें. मी म्हणालों, "ताई, आज ती परतली तर आपली भीति खरी ठरेल, पण ती कधींच परतली नाहीं तर तेंही नुकसानच आहे. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या या मुलीच्या हृदयाला, हाडांना आणि मनाला तो खेळ हवा आहे. तिला थांबवूं नका, तिच्या रेघा मोजा." त्या बाईंनीं घरीं जाऊन दिवाणखान्याच्या फरशीवर पट्टी चिकटवली. दर पंधरा दिवसांनीं मायलेकी उड्या मोजीत आणि वहींत मांडीत. सामने आले आणि गेले; मुलगी कडेला बसून गुणफलक लिहीत होती. त्या दिवशीं ती रडली, हें तिच्या आईंनींच मला सांगितलें. अकराव्या महिन्यांत दोन्ही रेघा जवळजवळ एक झाल्या, आणि ती प्रथम अर्धा वेळ, मग पूर्ण वेळ खेळूं लागली. तिच्या आई आतां सामना पाहावयास जातात. भीति गेली का, असें मीं विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "भीति आहेच, पण आतां हिशेब माहीत आहे."

एवढें तरी आपण प्रत्येकानें करावें. आठवडाभर बसून एका रविवारीं जिवाच्या आकांतानें खेळूं नये. मधल्या दोन दिवशीं वीस-वीस मिनिटें बैठका, चवड्यांचे व्यायाम आणि एका पायावर तोल सांभाळणें हीं करावींत. खेळापूर्वीं दहा मिनिटें अंग मोकळें करावें. दुखापत झालीच तर घरच्यांनीं "पडून राहा" किंवा "ऊठ, चल" असें न म्हणतां "आज कितवी पायरी?" असें विचारावें. माझ्या वेळीं हें विचारणारें कोणी असतें, तर आज मी देवळांत खांबाशीं उभा राहिलों नसतों. आपल्या घरच्या मुलामुलींवर ती पाळी येऊं नये.